शिल्लक शंभर किलो

४ डिसेंबर २०२३ रोजी इस्रोनं एक पत्रक काढलं. चांद्रयान-३चं प्रोपल्शन मॉड्यूल, म्हणजे विक्रम या लँडरला चंद्रापर्यंत नेऊन सोडणारं वाहन, चंद्राभोवतीच्या कक्षेतून पृथ्वीभोवतीच्या कक्षेत परत आणलं, एवढीच बातमी. २३ ऑगस्टच्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला तेव्हा हुबळी-धारवाडात चौकाचौकांत फटाके वाजले. या परतीचा तसा गाजावाजा झाला नाही. माझ्या लेखी मात्र त्या अख्ख्या मोहिमेतली सर्वात देखणी रचना हीच आहे, आणि एखाद्या कवितेची ओळ थांबून थांबून वाचावी तशी ती वाचायला हवी.

चंद्रावर खाणी निघतील, तिथला माल पृथ्वीभोवतीच्या कक्षेत आणून साठवला जाईल, हे गेली पन्नास वर्षं लिहिलं जात आहे. भारतापुरतं बोलायचं तर त्या वाटेवरून प्रत्यक्ष चालून आलेलं वाहन हे एकच, आणि तेही रिकामं. तरीही वाट चालून झाली आहे, आणि ती कशी चालली गेली हे आकड्यांसकट आपल्यासमोर आहे.

आधी वाटखर्चाचं पाहू. या मॉड्यूलचं काम १७ ऑगस्टला विक्रम वेगळा झाला तेव्हाच जवळजवळ संपलं होतं. त्यावर ‘शेप’ नावाचं एक उपकरण होतं. दूरवरून पृथ्वीच्या प्रकाशाचं निरीक्षण करायचं, म्हणजे पुढे परक्या ताऱ्यांभोवतीचे राहण्याजोगे ग्रह ओळखायला त्याचा उपयोग होईल, असा त्याचा हेतू. ते साधारण तीन महिने चालवायचं ठरलं होतं. पण एलव्हीएम-३ रॉकेटनं १४ जुलैला यान अगदी नेमक्या कक्षेत नेऊन सोडलं होतं, आणि पुढचे सगळे धक्केही काटेकोर बसले. त्यामुळे चंद्राभोवती महिनाभर फिरूनही टाकीत शंभर किलोंहून जास्त इंधन उरलं. वाहन उडालं तेव्हा त्याचं इंधनासकट वजन २१४८ किलो होतं, त्यातले हे उरलेले शंभर. एरवी ते तसंच पडून राहिलं असतं. इथे कुणीतरी विचारलं की एवढ्यात घरी येता येईल का? मला या रचनेचा उगम या प्रश्नात दिसतो.

९ ऑक्टोबरला पहिला धक्का दिला गेला. त्याआधी मॉड्यूल चंद्रापासून १५० किलोमीटरवर फिरत होतं आणि एका फेरीला २.१ तास घेत होतं. धक्क्यानंतर कक्षेचं दूरचं टोक ५११२ किलोमीटरवर गेलं आणि फेरी ७.२ तासांची झाली. इथे थोडं थांबू. कागदावर हिशेब मांडला तर १५० किलोमीटर उंचीवर वाहनाचा वेग सेकंदाला १.६ किलोमीटरच्या आसपास येतो. चंद्राच्या पकडीतून तिथून सुटायचं तर तो २.३च्या जवळ न्यावा लागतो. म्हणजे सुमारे पाऊण किलोमीटरपेक्षा थोडी कमी भर हवी. त्यातली चारशे मीटरची भर या पहिल्याच धक्क्यात पडली. निम्म्याहून जास्त वाट एका दमात कापली गेली, आणि तरीही वाहन चंद्राला बांधलेलंच राहिलं.

हा धक्का जिथे दिला गेला ती जागाही नीट पाहावी. कक्षेचं दूरचं टोक आणखी दूर ढकलायचं तर इंजिन जवळच्या टोकाला पेटवावं लागतं. तिथे वाहन सर्वात वेगात असतं, आणि वेगात असताना जाळलेलं किलोभर इंधन संथपणे जाताना जाळलेल्या किलोभर इंधनापेक्षा जास्त ऊर्जा मिळवून देतं. काटकसरीची पहिली युक्ती ही. दुसरी युक्ती अशी की मॉड्यूल दर सात तासांनी त्याच जवळच्या टोकाला परत येणार होतं. पुढचा धक्का चार दिवसांनी होता. मधल्या डझनभर फेऱ्यांत कक्षा मोजून पाहायला, टाकीत काय राहिलं त्याचा अंदाज बांधायला, बेत बदलायला अवकाश होता.

आणि बेत बदललाच. हातात किती इंधन आहे हे पाहून दुसऱ्या धक्क्याचं लक्ष्य नव्यानं ठरवलं गेलं: पृथ्वीभोवतीची १ लाख ८० हजार गुणिले ३ लाख ८० हजार किलोमीटरची कक्षा. मला या रचनेत सगळ्यात जास्त भावते ती ही जागा. भूस्थिर उपग्रहांचा ३६ हजार किलोमीटरवरचा पट्टा आणि त्याखालच्या कक्षा यांत शिरायचं नाही, चंद्रावरही बेवारस कोसळू द्यायचं नाही, आणि जवळ आहे त्यातच भागवायचं. या तीन अटींमधून जी कक्षा उरली ती निवडली गेली. वृत्ताच्या बंधनातून जसा नेमका शब्द सापडतो, तसा तो आकडा सापडला आहे. हे सगळं सोडवायला यू. आर. राव उपग्रह केंद्रातल्या उड्डाणगणित करणाऱ्या चमूनं मुळापासून नवं साधन रचलं. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नसतात. कारागिरी मात्र समोर आहे.

१३ ऑक्टोबरला दुसरा धक्का बसला, आणि रचनेचा संथ भाग सुरू झाला. वाहन सुटलं, पण चंद्राच्या अमलाखालचा प्रदेश सोडायला त्याला १० नोव्हेंबर उजाडला. तोवर ते चार वेळा चंद्राजवळून गेलं. मध्येच २८ ऑक्टोबरला त्या वाटेवरून ‘शेप’नं ग्रहणाची खास निरीक्षणं करून घेतली. २२ नोव्हेंबरला ते पहिल्यांदा पृथ्वीच्या सर्वात जवळच्या बिंदूवरून गेलं, तेव्हा अंतर होतं १ लाख ५४ हजार किलोमीटर. फेरी जवळजवळ तेरा दिवसांची. अपोलोचे अंतराळवीर चंद्राची कक्षा सोडल्यापासून साधारण तीन दिवसांत घरी पोचत. इथे पहिल्या धक्क्यापासून पृथ्वीजवळून जाईपर्यंत सहा आठवडे लागले.

या सहा आठवड्यांत मला मालवाहतुकीची सगळी शैली दिसते. माणसाला प्राणवायू लागतो, अन्न लागतं, म्हणून त्याची घाई असते. दगडाला, बर्फाला, धातूला घाई नसते. वेळ भरपूर असला की चंद्राच्या ओढीलाच कामाला लावता येतं. हुबळीला हे वेगळं सांगावं लागत नाही. बळ्ळारी-होसपेटच्या पट्ट्यातलं लोहखनिज गदग, हुबळी, धारवाड, लोंढा करत मुरगाव बंदराकडे जातं, आणि वाटेत एक्स्प्रेसला जागा देत मालगाडी तासन्‌तास बाजूच्या रुळावर उभी असते. तिचं कुणाला काही वाटत नाही. माल पोचतो.

त्याच मार्गावरचा घाट समोर ठेवला तर पुढची अडचणही उलगडते. कॅसलरॉक ते कुळे हा उतार सदतिसास एक. वर चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. उतरणाऱ्या भरल्या गाडीची चिंता वेगळी: तिला ओढायचं नसतं, आवरायचं असतं. चंद्र आणि पृथ्वी यांच्यामध्ये असाच घाट आहे. चंद्राच्या बाजूची चढण लहान. तिथून सुटायला सेकंदाला २.३८ किलोमीटर वेग पुरतो, तर पृथ्वीवरून सुटायला ११.२ लागतो. ऊर्जेच्या हिशेबात किलोमागे हा फरक बावीस पटींचा आहे. चंद्राची खाण कुणाला परवडेल असं वाटण्याचं कारण या बावीस पटींत आहे. पण त्या लहान चढणीनंतर पृथ्वीकडे येताना सगळा उतार आहे, आणि अवकाशात ब्रेक नाहीत. पृथ्वीजवळच्या खालच्या कक्षेत माल थांबवायचा तर सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेग मोडावा लागतो. एक तर त्यासाठी इंधन जाळा, नाहीतर वातावरणाच्या वरच्या विरळ थरांत वारंवार बुडी मारून वेग हळूहळू झिजवा. आपलं मॉड्यूल या उताराच्या पहिल्याच वळणावर थांबलं, कारण तेवढंच इंधन होतं. रसिकानं हेही नोंदवायला हवं: ही कविता अर्धी आहे, आणि खालचं अर्धं अवघड आहे.

वरचंही पूर्ण नाही. मॉड्यूल निघालं ते कक्षेतून, जमिनीवरून नाही. जमिनीवरून उठण्याचा धडा वेगळ्या जागी आहे. ३ सप्टेंबर २०२३ ला विक्रमनं आपल्या उतरण्याच्या जागी, शिवशक्ती बिंदूजवळ, पुन्हा इंजिनं पेटवली, सुमारे चाळीस सेंटिमीटर वर उठला आणि तीस-चाळीस सेंटिमीटर बाजूला उतरला. हातभराची उडी. ती आणि ही सहा आठवड्यांची परतवाट शेजारी ठेवून वाचली की दोन्ही एकाच मजकुराचे तुकडे असल्याचं जाणवतं. मधली पानं अजून लिहायची आहेत. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं २१०४.०६ कोटी रुपयांची चांद्रयान-४ मोहीम मंजूर केली, ती या मधल्या पानांसाठी. माती उचलायची, चंद्रावरून उडायचं, वाटेत दोन वाहनं जोडायची, नमुना एकातून दुसऱ्यात द्यायचा, मग घरी यायचं. जोडणीचा सराव १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांनी पृथ्वीभोवती करून दाखवला. जगाचा आजवरचा साठा पाहिला तर अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो माल आणला. चीनच्या चांग-ई ५नं १७३१ ग्रॅम आणि चांग-ई ६नं चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे १९३५.३ ग्रॅम. वाहतूक म्हणावी असं अजून काहीच झालेलं नाही.

मोठ्या वाहतुकीचं सर्वात धाडसी चित्र प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७०च्या दशकात काढलं. चंद्रावर विजेच्या चुंबकांची लांबलचक रांग उभारायची आणि मातीनं भरलेल्या बादल्या तिच्यावरून दामटून थेट अवकाशात फेकायच्या. इंधन लागत नाही, सूर्यप्रकाशावरची वीज पुरते. हे चित्र मला भव्य वाटतं. त्याची मापंही काढून पाहण्यासारखी आहेत. पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दोनशे पट त्वरण दिलं तर चंद्रावरून सुटण्याचा वेग साधारण १४५० मीटरांत गाठता येतो. हुबळीच्या सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा फलाट १५०७ मीटरांचा आहे. त्या फलाटाच्या एका टोकाला बादली निघेल आणि सव्वा सेकंदानं दुसऱ्या टोकावरून चंद्र सोडून जाईल. दोनशे पट भार माती सोसते, माणूस सोसत नाही. म्हणूनच हे यंत्र फक्त मालाचं.

तरी दोन्हींत मला मॉड्यूलची वाट जास्त जवळची वाटते. ओनील यांच्या कल्पनेत फेकणं सुंदर आहे, झेलणं कठीण. दूरवर कुणीतरी प्रत्येक बादली नेमकी पकडायची, आणि फेकतानाची जराशी चूक लाखभर किलोमीटरवर केवढी होऊन बसते! इंजिन असलेलं वाहन वाटेत स्वतःला सावरतं. चार फेऱ्या मोजून बेत बदलता येतो. चंद्रावरचा माल शेवटी बहुधा ऑक्सिजन असेल. तिथल्या मातीच्या वजनात ऑक्सिजनचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त, आणि हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणाऱ्या इंजिनात हायड्रोजनच्या पाच-सहा पट वजन त्याचंच असतं. म्हणजे वाहनाचं पुढचं इंधन त्याच्या मालातूनच निघू शकतं. तसं झालं तर टाकीत किती उरलं हे पाहून दुसरा बेत ठरवण्याची वेळ येणार नाही.

मॉड्यूलची गोष्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली नाही. ४ नोव्हेंबर २०२५ ला ते आपसूक पुन्हा चंद्राच्या अमलाखाली शिरलं. ६ नोव्हेंबरला ३७४० किलोमीटरवरून आणि ११ नोव्हेंबरला ४५३७ किलोमीटरवरून ते चंद्राजवळून गेलं, आणि १४ तारखेला बाहेर पडलं तेव्हा त्याची कक्षा ओळखू येऊ नये इतकी बदलली होती: आधी साधारण १ लाख गुणिले ३ लाख किलोमीटर, नंतर ४ लाख ९ हजार गुणिले ७ लाख २७ हजार. कक्षेचा कल चौतीस अंशांवरून बावीसवर आला. चंद्रानं एकट्यानं केलेलं हे काम आहे. मालाची वखार अशा उंच कक्षेत ठेवू पाहणाऱ्यानं हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. इथे ठेवलेली वस्तू दोन वर्षांनी तिथेच सापडेल याची खात्री नाही. एक तर वखारीला स्वतःचं इंजिन आणि थोडं इंधन द्यायला हवं, नाहीतर चंद्राची भेट कधी पडणार याचं पंचांग आधीच मांडून ठेवायला हवं. ६ नोव्हेंबरची पहिली भेट भारताच्या दूर-अवकाश जाळ्याच्या दृष्टीआड झाली. दुसरी मात्र बेंगळुरूजवळच्या ब्याललूच्या अँटेनांच्या टप्प्यात होती, आणि तिच्यातून अशा भेटींच्या गणिताला लागणारी मोजमापं इस्रोच्या हाती आली.