‘कडवी हवा’ आणि करमाडचा पाऊस

हवामानबदल शिकवताना दाखवण्याजोगा चित्रपट म्हणून आम्ही निला माधब पांडा यांच्या ‘कडवी हवा’ (२०१७) या हिंदी चित्रपटाचे नाव घेऊ. मात्र काही टिपणांसह.

बुंदेलखंडातल्या दुष्काळी गावातला अंध म्हातारा हेदू (संजय मिश्रा) आणि कर्जवसुलीला आलेला गुनू (रणवीर शौरी) यांची ही कथा. हेदूचा मुलगा कर्जात बुडालेला. गुनूचे घर ओडिशाच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या भीतीत. बदलते हवामान गरिबाच्या घरात थकलेल्या हप्त्याच्या रूपाने शिरते, हे चित्रपटाने नेमके दाखवले आहे.

त्यातल्या शाळेत एक मुलगा ऋतू दोनच सांगतो. पाऊस म्हणे वर्षातून दोन-चार दिवस दिसतो! २०१२ किंवा २०१५च्या दुष्काळात करमाडच्या वर्गातूनही असेच उत्तर येऊ शकले असते. पण सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यातली उभी पिके अतिवृष्टीने पाण्याखाली गेली, तेव्हा तेच मूल काय म्हणाले असते?

इथे चित्रपट तोकडा पडतो. तापमानवाढ म्हणजे मराठवाड्यासारख्या कोरडवाहू मुलखात पाऊस आटणे, एवढेच मनावर ठसते. वस्तुतः हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जमीन लवकर सुकते आणि पाऊस आला की कोसळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ सालीच दाखवले होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर. हवा कडू केली कोणी? कोळसा व खनिज तेल जाळण्याशी कथेचा धागा जुळत नाही. मग संकट दैवी वाटू लागते आणि ज्यांनी धूर सोडला ते नामानिराळे राहतात.

शिक्षकमित्रहो, चित्रपट जरूर दाखवा. नंतर करमाड मंडळातील पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी मिळवा. पावसाचे दिवस (२.५ मिलिमीटर किंवा अधिक) आणि एकूण पाऊस मुलांकडून वेगवेगळे मांडून घ्या. एका वर्षावरून निष्कर्ष काढू देऊ नका. हवामानासाठी ३० वर्षांची सरासरी धरतात. मग त्या मुलाच्या उत्तराकडे वळा. ते चूक म्हणून खोडू नका. ते त्याचे निरीक्षण आहे. आकड्यांशी ते कुठे जुळते आणि कुठे नाही, हे मुलांनाच शोधू द्या.