तीन वेशी

खरानॉस ही बर्फात रुतलेली लहानशी वस्ती. तिथे एक दारूभट्टी आहे आणि वाटसरूंची धर्मशाळाही तीच. वस्तीबाहेर पडलं की रस्ता डोंगराला वळसे घेत चढू लागतो. सगळीकडे पांढरं, मधूनच देवदाराचा काळपट हिरवा ठिपका. शेवटचं वळण ओलांडलं की डोंगराच्या पोटात दरवाजा दिसतो. त्याची उंची पाहून आधी वाटतं, हा बुटक्या लोकांचा असणं शक्य नाही. आत पाऊल टाकलं की बर्फ संपतो, निळसर उजेड तांबूस होतो, घणाचे ठोके ऐकू येतात. मध्ये पडदा काळा होत नाही, ‘थांबा’ म्हणणारी पाटी येत नाही. थंडीतून उबेत आपण स्वतःच्या पायांनी चालत जातो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळातलं हे आयर्नफोर्ज, ड्वार्फ लोकांची राजधानी. ब्लिझार्ड कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी हा खेळ खुला केला, तेव्हा त्यात आठ वंश आणि सहा राजधान्या होत्या. काल्पनिक वंशासाठी शहर रचण्याची सोपी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ड्वार्फ असतील तर हातोडे, एल्फ असतील तर वेली, ऑर्क असतील तर सुळे भिंतीवर लावायचे. या खेळातही ते सगळं आहे, आणि ते मी लवकरच विसरतो. लक्षात राहते ती वेस. त्या शहरात शिरायचं कसं, शिरताना अंगाला काय जाणवतं आणि आत गेल्यावर पाय आपोआप कुठे वळतात, यातच तो वंश मला पहिल्यांदा कळला.

इमारत बांधीव असते किंवा कोरीव असते. आपल्या भाषेत हा फरक एकेका शब्दात होतो, कारण आपण लेण्यांच्या मुलखातले. बांधताना भर घालत जायचं, कोरताना काढत जायचं. आयर्नफोर्ज संपूर्ण कोरीव आहे. या लोकांचे पूर्वज टायटन नावाच्या आदिशक्तींनी दगडातून घडवले, अशी खेळातली कथा आहे. ड्वार्फना ती पूर्ण ठाऊक नाही, म्हणून ते जगभर उत्खननं करत फिरतात. शहरात त्यांचं संशोधकांचं दालन आहे, तिथे ग्रंथ आहेत, प्राचीन प्राण्याचा सांगाडा आहे. जे लोक स्वतःच दगडातून आले, ते दगड काढून काढून आपलं मूळ शोधतात आणि त्या काढलेल्या पोकळीतच राहतात. हे कोणी पात्र आपल्याला सांगत नाही, त्या पोकळीत वावरताना ते उमगत जातं.

शहर गोल आहे. बाहेरच्या वलयात एकेक पेठ, आणि मधोमध भट्टी. सिंहासन मध्यभागी नाही! राजा मॅग्नी ब्रॉन्झबिअर्ड भट्टीच्या बाजूच्या दालनात बसतो. वितळलेल्या धातूचा लालभडक रस वरून कोसळतो, त्याभोवती ऐरणी मांडल्या आहेत. ग्रिफन या पंखवाल्या प्राण्यावर बसून परगावी जायचं तरी भट्टीशीच यावं लागतं, कारण त्यांचा तळ तिथेच आहे. मग ते पाखरू आपल्याला घेऊन शहराच्या पोटातूनच उडत वेशीबाहेर पडतं. ज्या समाजात कारागिरी राजाहून मोठी मानली जाते, त्याचा नकाशा असाच निघणार. राजवाडा मध्यभागी ठेवून शंभर भव्य पुतळे उभारले असते, तरी ही गोष्ट त्यातून सांगता आली नसती.

छतं इतकी उंच का, याला एक तांत्रिक कारणही आहे. या खेळात आपण आपल्या पात्राच्या पाठीमागून, जरा वरून पाहत असतो. डोळा पाठीशी असल्यामुळे खोली खऱ्या मापाची केली तर तो भिंतीत शिरतो, म्हणून दारं आणि छतं फुगवावी लागतात. सगळ्याच शहरांत हे केलेलं आहे. आयर्नफोर्जमध्ये मात्र या अडचणीचंच अर्थात रूपांतर झालं. ठेंगणी माणसं आणि डोक्यावर डोंगराएवढी पोकळी, यातून त्यांची जिद्द दिसते.

वलयाच्या काठावर दोन जागा आहेत, त्या मला फार प्रिय आहेत. एक अंधारी गुहा. तिथे एक डोह आहे आणि काठाशी मासेमारी शिकवणारा. चोरवाटांचे उस्ताद आणि काळी विद्या शिकवणारेही त्याच अंधारात. भट्टीचा उजेड तिथपर्यंत पोचत नाही. दुसरी जागा टिंकर टाउन, नोम लोकांची पेठ. नोमांचं स्वतःचं शहर नोमरेगन विषारी झालं आणि ते सगळे निर्वासित होऊन इथे आले. दगडाच्या शहरात अचानक दातेरी चक्रं, यंत्रं आणि दिवे लागतात. आसरा मिळालेल्यांनी यजमानाच्या घरात आपली खोली आपल्या पद्धतीने लावावी, तशी ती पेठ आहे. तिथूनच त्यांची भुयारी ट्राम मानवांच्या स्टॉर्मविंडला जाते. वाटेत बोगद्याच्या भिंती काचेच्या होतात आणि पाण्याखालचं जग दिसतं. त्या काही क्षणांसाठी मी कितीदा उगीचच ये-जा केली आहे.

शहराला माणसं लागतात, आणि ती इथे आली लिलावामुळे. सुरुवातीला अलायन्स या गटाचं लिलावघर आयर्नफोर्जलाच होतं. वेशीतून आत आलं की एका हाताला पेढी, दुसऱ्या हाताला लिलाव, मध्ये चौक. तिथे इतकी झुंबड उडायची की संगणक अडखळायचे. जानेवारी २००६ मधल्या १.९ या आवृत्तीने इतर राजधान्यांतही लिलाव जोडून दिले, तेव्हा गर्दी हळूहळू स्टॉर्मविंडकडे सरकली.

स्टॉर्मविंडबद्दल मला एकच सांगायचं आहे. युद्धात बेचिराख झालेलं हे शहर गवंड्यांनी पुन्हा उभारलं आणि सरदारांनी त्यांची मजुरी बुडवली. दंगल झाली, तीत राणी मारली गेली. गवंड्यांचा म्होरक्या एडविन व्हॅनक्लीफ आपली माणसं घेऊन शहर सोडून गेला आणि लुटारू झाला. नवख्या खेळाडूला ज्या खाणीत उतरून त्याचा शिरच्छेद करायला पाठवतात, तिथे पोचेपर्यंत हा इतिहास कळलेला असतो किंवा नसतो. मला कळल्यानंतर स्टॉर्मविंडच्या पांढऱ्या भिंतींकडे पाहण्याची नजरच बदलली. काल्पनिक शहराच्या बांधकामाची मजुरी कोणी दिली, हा प्रश्न ज्याला सुचला त्या लेखकाला माझा मनापासून नमस्कार.

दुसरी वेस उभी आहे. मुलगोरच्या गवताळ माळावर सपाट माथ्याचे उंच कडे आहेत, त्यांवर टॉरेन लोकांचं थंडर ब्लफ. टॉरेन म्हणजे बैलासारखं मस्तक असलेले धिप्पाड, शांत लोक. वर जायला लाकडी पाळणे आहेत. आपण खाली उभं राहून पाळण्याची वाट पाहतो, तो येतो, आपण चढतो, माळ खाली खाली जाऊ लागतो. त्या अवकाशात काहीच करायचं नसतं. खेळात इतका वेळ रिकामा सोडायला धैर्य लागतं. वर पोचलं की वारा, पवनचक्क्यांचा संथ फिरता आवाज आणि चार माथे. मधला मोठा तीन टप्प्यांचा, आणि त्याला झुलत्या पुलांनी जोडलेले तीन लहान, एक शिकाऱ्यांचा, एक ज्येष्ठांचा, एक आत्म्यांचा. पाय चुकला की थेट खाली.

टॉरेन मुळात भटके. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा त्यांचा संसार. अर्धे माणूस, अर्धे घोडा अशा सेंटॉरांच्या टोळ्या त्यांना कुठे टेकू देत नव्हत्या. याच मालिकेतल्या २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ या आधीच्या खेळात ऑर्क त्यांच्या तांड्याला सोबत करतात आणि त्यांचा म्होरक्या केर्न ब्लडहूफ आपल्या लोकांना मुलगोरला आणतो. थंडर ब्लफ हे त्यांचं पहिलं कायमचं घर. आणि तरीही तिथे दगडी भिंत नाही. कातडी ताणून खांबांवर बसवलेली पालं आहेत, उद्या उठवावी लागली तर उठवता येतील अशी. कायमचं घर मिळालं तरी पाल सुटलं नाही! सुरक्षितता मात्र त्यांनी पुरेपूर घेतली. ज्यांना माळावर आयुष्यभर हाकललं, त्यांनी अशी जागा निवडली जिथे चार पायांचा शत्रू चढूच शकत नाही. कडा निवडण्यात भीती आहे आणि पाल ठेवण्यात आठवण. एका वंशाचा सगळा प्रवास या दोन निर्णयांत आला.

इथेच मला अडखळायलाही होतं. कोरीव टोटेमस्तंभ ही उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या लोकांची कला. कातड्याची पालं मैदानी प्रदेशातल्या लोकांची. सपाट कड्यावरची वस्ती नैऋत्येतली, न्यू मेक्सिकोतलं ॲकोमा किंवा ॲरिझोनातली होपी गावं पाहावीत. हे वेगवेगळ्या भाषांचे, वेगवेगळ्या इतिहासांचे समाज. खेळाने त्यांना एका पोतडीत घातलं आणि वर बैलाचं डोकं ठेवलं. ज्यांना खरोखरच आपल्या भूमीवरून हाकललं गेलं, त्यांच्या खुणा घेऊन हाकलल्या गेलेल्या काल्पनिक वंशाची गोष्ट सांगितली, यात सहानुभूती आहे हे मी मानतो. पण सहानुभूतीने घेतलेली वस्तूसुद्धा कोणाची तरी असते. आयर्नफोर्जची रचना कथेतून उगवली, तिला बाहेरच्या टेकूची गरज पडली नाही. थंडर ब्लफमध्ये कडा आणि पालं यांचा जोड इतका समर्थ आहे की टोटेम काढून टाकले असते तरी शहर तसंच बोललं असतं. रचनाकारांनी आपल्याच कल्पनेवर आणखी भरवसा ठेवायला हवा होता.

तिसरी वेस मोडकी आहे. लॉर्डेरॉनच्या राजधानीचे अवशेष, ढासळलेला तट, ओसाड अंगण, मग लांब दालन आणि शेवटी सिंहासनाची खोली. वॉरक्राफ्ट ३ मधल्या चित्रफितीत युवराज आर्थस विजयी होऊन परततो, घंटा वाजतात, लोक वरून फुलांच्या पाकळ्या उधळतात आणि तो आपल्या बापाला, राजा टेरेनासला, सिंहासनावरच मारतो. मुकुट गडगडत जातो, राज्य कोसळतं. दोन वर्षांनी आलेल्या या खेळात त्याच दालनातून आपण चालतो. आवाज मोठा ठेवला तर अंगणात घंटांचा आणि जयघोषाचा प्रतिध्वनी येतो, सिंहासनापाशी बापलेकाचं कुजबुजतं बोलणं. मुकुट जिथून गडगडला तिथे रक्ताचा डाग अजून आहे. मग पलीकडे लिफ्ट. ती खाली नेते अंडरसिटीत. हिरव्या विषारी पाण्याचे कालवे, वर्तुळाकार गल्ल्या, आणि तिथे राहणारे फोरसेकन, म्हणजे मरून उठलेले, स्वतःची इच्छा परत मिळवलेले लोक.

हे लोक कोण? बहुतेक याच राज्याचे रहिवासी. वरचं शहर त्यांचंच होतं. ते त्यांनी दुरुस्त केलं नाही आणि सोडूनही दिलं नाही. खाली राहायचं आणि येता-जाता रोज आपल्या मरणाच्या खोलीतून जायचं. आर्थसने उद्ध्वस्त केलेलं दुसरं शहर शेजारून पाहिलं की हे अधिक लागतं. खेळाच्या २००७ च्या विस्तारात रक्त-एल्फांचं सिल्व्हरमून आलं. तांबडं, सोनेरी, हवेत तरंगणारे कळस, आणि रस्त्यांवर आपोआप झाडणारे झाडू. अर्धं शहर पडलेलं आहे, आर्थसच्या सैन्याच्या वाटेचा काळा व्रण त्यातून जातो, आणि उरलेल्या अर्ध्यात झाडू झाडत असतात. एका शहराने डाग झाडून टाकायचं ठरवलं, दुसऱ्याने त्याला हातही लावला नाही. सिल्व्हरमून दिसायला कितीतरी सुंदर आहे. माझा जीव मात्र अंडरसिटीत आहे.

७ डिसेंबर २०१० रोजी आलेल्या कॅटाक्लिझम या विस्ताराने जुन्या खंडांवर उडायची मुभा दिली. त्याआधी ही शहरं जमिनीवरून पाहण्यासाठीच रचलेली होती, वरून दिसतील असे कोपरे पुन्हा घडवावे लागले. ऑर्कांचं ऑर्ग्रिमार तर लोखंडाने मढून निघालं. उडणाऱ्याला वेस लागत नाही. थंडर ब्लफचा पाळणा रिकामाच वरखाली होऊ लागला. डोंगरातल्या आणि जमिनीखालच्या शहराला तेवढं अभय मिळालं, तिथे आकाशातून उतरता येत नाही. २०१८ मध्ये बॅटल फॉर अझेरॉथ या विस्ताराच्या कथेत अंडरसिटीच विषाने भरून टाकली गेली आणि रात्र-एल्फांचं झाडावरचं डार्नासस जळालं. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने खेळाची जुनी आवृत्ती क्लासिक या नावाने पुन्हा खुली केली, तेव्हा सगळी शहरं परत आली.

त्या आठवड्यात मी हेडफोन लावून सिंहासनाच्या खोलीत जाऊन बसलो होतो. कुजबुज ऐकू येत होती. जवळच्या ब्रिल गावाहून आलेला एक नवखा फोरसेकन धावत आत शिरला, हातात गंजकी तलवार, अंगावर चिंध्या. तो डागावरून तसाच पुढे गेला. त्याची पिशवी भरली असावी आणि पेढी खाली होती. लिफ्टचं दार बंद होतं, म्हणून तो त्याच्यासमोर थोडा वेळ उभा राहिला, एकदा माझ्याकडे वळला, हात हलवला, आणि दार उघडताच खाली गेला.