किफायतशीर विमानसेवेतील वैमानिकांची कार्यस्थिती व व्यावसायिक भवितव्य : तीन शासकीय दस्तऐवजांची चिकित्सक समीक्षा

प्रस्तावना

भारतात किफायतशीर विमानसेवेचे युग २००३ मध्ये एअर डेक्कनच्या स्थापनेने सुरू झाले. २००५ मध्ये स्पाइसजेट, गोएअर व एअर इंडिया एक्स्प्रेस आणि ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो या कंपन्या त्यात उतरल्या. रेल्वेच्या वातानुकूलित डब्याशी स्पर्धा करणारे तिकीट मध्यमवर्गाच्या हाती आले आणि विमानप्रवासाचे अप्रूप ओसरले. या परिवर्तनाचा विचार प्रामुख्याने प्रवासी व भांडवल यांच्या अंगाने झाला आहे. विमान चालविणाऱ्याच्या श्रमाचा विचार मात्र अपघातानंतर अथवा विमानतळावर गोंधळ माजल्यानंतरच होतो. भरघोस वेतन व समाजातील प्रतिष्ठा यांमुळे वैमानिक हा 'श्रमिक' आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

प्रस्तुत लेखात तीन शासकीय दस्तऐवजांची समीक्षा केली आहे : मंगळूर येथील २०१० च्या विमान अपघाताचा चौकशी अहवाल, कोळिकोड येथील २०२० च्या अपघाताचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला तपास अहवाल आणि वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांविषयी जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढलेली नियमावली. हे दस्तऐवज वैमानिकाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात आणि त्यांतून त्याच्या भवितव्याविषयी काय सूचित होते, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

मंगळूर अहवाल : झोपेचा प्रश्न

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडील दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने अपघाताचे थेट कारण स्पष्ट शब्दांत नोंदविले. विमान उतरण्याच्या योग्य स्थितीत नव्हते. सहवैमानिकाने उतरणे रद्द करण्याची सूचना तीन वेळा केली, तरीही कॅप्टनने विमान उतरविण्याचा आग्रह सोडला नाही.

अहवालाचा महत्त्वाचा भाग यापुढे येतो. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणानुसार कॅप्टन उड्डाणाच्या काळात दीड तासाहून अधिक वेळ झोपलेला होता. पहाटेच्या वेळी शरीराची सावधता सर्वांत कमी असते. त्यात दीर्घ झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा निर्णय मंदावतो. अहवालाने या दोन्ही बाबींची दखल 'साहाय्यभूत घटक' म्हणून घेतली. येथेच या अहवालाची मर्यादा दिसून येते. कॅप्टनची चूक 'कारण' ठरते आणि त्याला त्या अवस्थेत आणणारे रात्रीचे वेळापत्रक 'घटक' ठरते. ही विभागणी तांत्रिक दृष्ट्या समर्थनीय असली, तरी तिचा परिणाम असा होतो की कारणाची जबाबदारी मृत व्यक्तीवर जाते आणि घटकाची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

कोळिकोड अहवाल : एक कॅप्टन, सव्वीस सहवैमानिक

७ ऑगस्ट २०२० रोजी त्याच कंपनीचे विमान मुसळधार पावसात कोळिकोडच्या धावपट्टीवरून पुढे घसरून खाली कोसळले. १९० प्रवासी व कर्मचाऱ्यांपैकी २१ जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन दीपक साठे हे भारतीय हवाई दलातील माजी अधिकारी, त्यांचे कुटुंब नागपूरचे. त्यामुळे ही घटना विदर्भाला अधिक जवळची वाटली. तपास अहवालाने येथेही प्रमाणित कार्यपद्धतीचे पालन न करणे हे संभाव्य कारण सांगितले. येथेही सहवैमानिकाने उतरणे रद्द करण्यास सुचविले होते.

परंतु हा अहवाल मंगळूरच्या अहवालापेक्षा एक पाऊल पुढे जातो. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण करता यावे यासाठी कोळिकोडलाच उतरण्याची ओढ कॅप्टनच्या मनात होती, असे तो नोंदवितो. या ओढीचे मूळ तो कंपनीच्या मनुष्यबळविषयक धोरणात शोधतो. कोळिकोड येथे नेमणुकीवर २६ सहवैमानिक होते आणि कॅप्टन केवळ एक. किफायतशीर विमानसेवेच्या अंतर्गत रचनेवर याहून बोलका आकडा क्वचितच मिळेल. एकाच्या अनुपस्थितीने दुसऱ्या दिवशीचे वेळापत्रक कोलमडणार असेल, तर त्या एकाचा निर्णय केवळ हवामान व धावपट्टी पाहून होत नाही. वेळापत्रकाचे ओझे त्याच्यासोबत कॉकपिटमध्ये येते.

दोन्ही अहवाल एकत्र वाचले असता आणखी एक साम्य आढळते. दोन्ही ठिकाणी योग्य सूचना कनिष्ठाने केली आणि दोन्ही ठिकाणी त्याने विमानाचा ताबा घेतला नाही. सहवैमानिकाच्या अधिकारासंबंधीच्या सूचनांतील संदिग्धता मंगळूर अहवालाने मान्य केली आहे. तथापि अधिकार कागदावर दिल्याने तो वापरण्याचे धैर्य येतेच असे नाही. मोठे कर्ज काढून या आसनापर्यंत पोहोचलेला आणि पुढील बढतीसाठी कंपनीतील वरिष्ठांच्या मूल्यमापनावर अवलंबून असलेला तरुण किती आग्रही होऊ शकतो, हा प्रश्न कार्यस्थितीचाही आहे. अहवालांनी तो विचारलेला नाही.

अपघातग्रस्त कंपनी त्या काळात सार्वजनिक क्षेत्रातील होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे हा दोष केवळ खाजगी नफेखोरीचा नाही. तो कमी खर्चाच्या प्रारूपात अंगभूत असलेल्या ताणाचा आहे. एकाच प्रकारची विमाने, जमिनीवर कमीत कमी वेळ आणि आकाशात जास्तीत जास्त तास ही या प्रारूपाची सूत्रे आहेत. विमान रात्री उभे राहणे म्हणजे तोटा. यंत्राला रात्रपाळी करविता येते. त्याच्यासोबत रात्रपाळी करणाऱ्या शरीराची मात्र स्वतःची मर्यादा असते.

नियमावली २०२४ : मान्यता आणि माघार

जानेवारी २०२४ च्या नियमावलीने ही मर्यादा प्रथमच पुरेशा गांभीर्याने मान्य केली. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. 'रात्र' पहाटे ५ ऐवजी ६ वाजेपर्यंत धरली गेली. रात्रीच्या काळात अनुज्ञेय अवतरणांची संख्या ६ वरून २ वर आली. वैमानिकांच्या थकव्याचे त्रैमासिक अहवाल विमान कंपन्यांनी सादर करावेत आणि तक्रार करणाऱ्यावर कारवाई होऊ नये, अशीही अपेक्षा व्यक्त झाली.

मूळ तारीख १ जून २०२४ होती. कंपन्यांच्या विरोधामुळे ती पुढे ढकलली गेली. दिल्ली उच्च न्यायालयातील वादानंतर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी झाली. पुढील घटना सर्वविदित आहेत. ३ ते ५ डिसेंबर २०२५ या तीन दिवसांत इंडिगोची अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांवर प्रवासी अडकले. ५ डिसेंबरला महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा धरण्यास मनाई करणारे कलम मागे घेतले आणि इंडिगोला रात्रीच्या निर्बंधांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला. उपलब्ध साधनसामग्रीचा टोकाचा वापर आणि नव्या नियमांसाठी अपुरी तयारी या बाबी चौकशीत पुढे आल्या.

नियम अचानक आले, असा युक्तिवाद येथे टिकत नाही. घोषणा व पूर्ण अंमलबजावणी यांत जवळपास बावीस महिन्यांचे अंतर होते. देशांतर्गत वाहतुकीत सुमारे दोनतृतीयांश वाटा असलेली कंपनी थांबली की देश थांबतो; म्हणून नियमच थांबविला जातो. विश्रांतीचा नियम सुरक्षिततेसाठी होता, तर प्रवाशांची गैरसोय हे तो शिथिल करण्याचे कारण कसे ठरू शकते, या प्रश्नाचे उत्तर शासकीय भूमिकेत सापडत नाही.

नियमावलीची दुसरी उणीव अशी की ती तास मोजते, थकवा मोजत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणासाठी आलेला एक वैमानिक प्रवेशद्वाराजवळ कोसळून मृत्यू पावला. त्याआधी त्याला सुमारे २७ तासांची विश्रांती मिळाली होती, म्हणजे नियमांचे उल्लंघन झालेले नव्हते. या मृत्यूचा संबंध थकव्याशी जोडणे वैद्यकीय आधाराविना अयोग्य ठरेल. परंतु विश्रांतीपूर्वीचे त्याचे काम पहाटे ३ ते ७ या वेळेतील होते, ही नोंद विचार करायला लावते. दिवसपाळी व रात्रपाळी यांच्या सततच्या अदलाबदलीत २७ तास आणि २७ तास यांत फरक असतो.

व्यावसायिक भवितव्य

डिसेंबर २०२५ मध्ये पुढे आलेल्या आकड्यांनुसार इंडिगोला २,४२२ कॅप्टनची गरज होती आणि २,३५७ उपलब्ध होते. सहवैमानिक २,१५३ हवे होते, प्रत्यक्षात २,१९४ होते. कोळिकोडचे चित्र येथे सौम्य रूपात पुन्हा दिसते : वर टंचाई, खाली गर्दी. वैमानिकांची टंचाई आहे, असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा ती प्रामुख्याने अनुभवी कॅप्टनची असते. २०० तासांचा व्यावसायिक परवाना घेतलेल्या नवोदिताची नव्हे. २०२३ मध्ये देशात १,६२२ आणि २०२४ मध्ये १,३४२ व्यावसायिक परवाने दिले गेले. यानंतर विशिष्ट विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण, कंपनीतील निवड आणि कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याकरिता किमान १,५०० तासांचा अनुभव असा प्रवास असतो.

टंचाई असताना श्रमिकाची सौदाशक्ती वाढते, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे. येथे तिला नियमाने वेसण घातली आहे. २०१७ च्या नियमानुसार राजीनाम्यापूर्वी कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये आकासा एअरने सूचनाकाल न पाळता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रवाशांच्या हिताचा मुद्दा त्यात आहेच. मात्र कंपनी बंद पडते तेव्हा वैमानिकाला असा सूचनाकाल मिळत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. पगार थकले, ज्येष्ठता संपली, कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. बंधन एकतर्फी आहे.

वर्धा जिल्ह्याचा संदर्भ

वर्धा जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. सर्वांत जवळचा विमानतळ सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील नागपूरचा. तरीही नागपूर फ्लाइंग क्लब, गोंदियाजवळील बिरसी येथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था, एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला अमरावतीचा बेलोरा विमानतळ आणि तेथे जाहीर झालेली एअर इंडियाची प्रशिक्षण अकादमी यांमुळे हे क्षेत्र विदर्भातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना आवाक्यातील वाटू लागले आहे. मात्र प्रशिक्षणाचा एकूण खर्च अर्ध्या कोटीपासून कोटीपर्यंत जातो. कापूस व सोयाबीनवर अवलंबून असलेल्या कुटुंबासाठी याचा अर्थ बहुधा शेत किंवा घर तारण ठेवणे असाच होतो. महाविद्यालयातील मार्गदर्शन कक्ष विद्यार्थ्यापुढे कॅप्टनचे वेतन ठेवतो. परवाना व ते वेतन यांमधील वर्षे, रात्रपाळी, वैद्यकीय अपात्रतेचा धोका आणि कंपन्या बुडण्याचा इतिहास तो क्वचितच सांगतो. ज्या वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेने उत्पादक श्रमाला शिक्षणाचे केंद्र मानले, तेथील अध्यापकांनी व्यवसायाची ओळख करून देताना त्यातील श्रमाचे स्वरूपही सांगावे, ही अपेक्षा वावगी ठरू नये.

निष्कर्ष

१. दोन्ही अपघात अहवाल कार्यस्थितीची नोंद घेतात, परंतु तिला दुय्यम स्थान देतात. कोळिकोड अहवालाने धोरणाला दोष दिला, ही त्यातील महत्त्वाची प्रगती होय.

२. २०२४ ची नियमावली तत्त्वतः योग्य आहे. तथापि सर्वांत मोठ्या कंपनीपुढे ती शिथिल झाल्याने नियामकाची विश्वसनीयता कमी झाली.

३. टंचाई व बेरोजगारी एकाच वेळी नांदतात, कारण नवोदिताला कॅप्टन बनविण्याचा खर्च व वेळ पुरेशा आधी देण्यास हे प्रारूप तयार नसते.

४. सूचनाकालाचे बंधन राहणार असेल, तर त्यासोबत थकीत वेतनाची हमी आणि विश्रांतीच्या नियमांना अपवाद न करण्याची शाश्वती असली पाहिजे.

स्वस्त तिकीट ही सामाजिक उपलब्धी आहे, हे नाकारता येत नाही. तिची किंमत कोणीतरी पहाटे तीन वाजता जागून मोजत असतो. ती किंमत किती असावी, हे केवळ कंपनीच्या वेळापत्रकाने ठरू नये, एवढाच या समीक्षेचा आग्रह आहे.