आत्याला दिसलेली एकदाणी

'जुने फोटो आणि आठवणी' असा विषय घेऊन तुम्ही गाईडकडे गेलात, तर पहिलं पुस्तक बहुधा रोलाँ बार्थचं 'कॅमेरा ल्युसिडा' सुचवलं जाईल. वाचाच. छोटं आहे, सुंदर आहे. पण प्रस्तावात त्यातल्या दोन संज्ञा टाकल्या की काम झालं असं समजू नका. मी तेच केलं होतं आणि माझ्याच घरात तोंडावर पडले.

आधी पुस्तकाबद्दल थोडं. १९७७ मध्ये बार्थची आई गेली. तिचे फोटो चाळताना तिचा पाचव्या वर्षीचा, १८९८ चा एक फोटो त्याला सापडला आणि त्यात त्याला आई 'भेटली'. पुस्तक आलं १९८० साली. त्यात इतर कितीतरी फोटो छापलेत, पण हा एक छापलेला नाही. तुमच्यासाठी तो कुठल्याही मुलीचा फोटो असेल, असं त्याचं म्हणणं. फोटोतली सर्वसाधारण, समजून घेण्याजोगी माहिती म्हणजे 'स्टुडियम', आणि पाहणाऱ्या एखाद्यालाच टोचणारा तपशील म्हणजे 'पंक्टम'. या सगळ्याच्या मुळाशी एक विश्वास आहे: फोटोत जे दिसतं ते कधीतरी कॅमेऱ्यासमोर खरोखर होतं.

आता रिसोड तालुक्यातल्या आमच्या घरी या. पुढच्या खोलीत आजीचा मोठा फोटो आहे, हार घातलेला. डोक्यावर पदर, कपाळावर लाल कुंकू, गळ्यात सोनेरी एकदाणी. आजी १९८३ मध्ये गेली तेव्हा आत्या आठ वर्षांची होती. ती माहेरी आली की आधी फोटोसमोर उभी राहते, डोळ्यांना पदर लावते. आणि जायच्या आदल्या रात्री एकदा तरी विचारते, "मायची एकदाणी कुठी गेली?" विचारते बाबांना, पण ऐकवायचं असतं मोठ्या काकूला. यावरून दोघी कित्येक वर्षं धड बोलत नाहीत.

मागच्या वर्षी संशोधनासाठी म्हणून मी लोखंडी पेटी उघडली. तळाशी एका लग्नातला पोस्टकार्डाएवढा ग्रुप फोटो निघाला. मागे रबरी शिक्का होता, स्टुडिओचं नाव पुसलेलं, पण खाली 'वाशिम, जि. अकोला' वाचता येत होतं. (वाशिम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्याच्याही आधी, १९०५ पर्यंत, इथे बासीम जिल्हा होता. असा शिक्का मिळाला तर फोटो कोणत्या काळातला हे ठरवायला निदान एक कड मिळते, म्हणून मागची बाजूही स्कॅन करा.) मागच्या रांगेत कडेला आजी होती. तोच चेहरा, तीच मान. गळ्यात फक्त काळ्या मण्यांची पोत.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, ती गेल्यावर हाच फोटो मोठा करायला दिला होता. स्टुडिओवाल्यानं विचारलं, गळ्यात काय काढू? आजोबांनी एकदाणी सांगितली. आजीला हवी होती, कधी करणं झालं नाही.

घरात कुणाकडेही नसलेली एकदाणी.

हे समजल्यावर मी पुन्हा बार्थकडे गेले. त्यात जेम्स व्हॅन डर झी या छायाचित्रकाराचा १९२६ चा एका कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबाचा फोटो आहे. त्यातल्या एका बाईचे पट्ट्याचे बूट आपल्याला टोचतात, असं बार्थ आधी म्हणतो. पुढे म्हणतो, बूट नव्हेत, खरा पंक्टम तिच्या गळ्यातली सोन्याची बारीक साखळी, कारण तशीच त्याच्या आत्याची होती. (आत्याच! मला हसूच आलं.) मार्गारेट ओलिन यांनी २००२ च्या एका लेखात दाखवून दिलं की त्या फोटोत सोन्याची साखळी नाहीच, मोत्यांची माळ आहे. बार्थनं आपल्या घरच्या फोटोतली आठवण इथे आणून लावली.

म्हणून बार्थ खोटा ठरतो का? मला नाही तसं वाटत. पाहणारा स्वतःचं काही फोटोत घालतो, हे तो स्वतःच मान्य करतो. माझी तक्रार वेगळी आहे. रंग म्हणजे नंतर वरून चढवलेला लेप, असं तो मानतो आणि बाजूला सारतो. त्याच्याकडे चाळायला पुष्कळ फोटो होते, त्यातून एक निवडता आला. आमच्याकडे आजीचा एकच चेहरा होता, तोही दुसऱ्यांच्या लग्नात, कडेला. तो कापून, मोठा करून, रंगवून घेतल्याशिवाय भिंतीवर लावायला काही नव्हतंच. इथे लेप हाच ऐवज आहे. कॅमेऱ्यासमोर जे कधीच नव्हतं, तेच आमच्या घरात सगळ्यात जास्त टोचतं.

ही बाजू समजून घ्यायला क्रिस्टोफर पिनी यांचं 'कॅमेरा इंडिका' (१९९७) जास्त कामाला येईल. मध्य प्रदेशातल्या नागदा आणि आसपासच्या लोकांचे फोटो त्यांनी अभ्यासले: रंगवलेले, जोडलेले, सुधारलेले. माणूस होता तसा दिसण्यापेक्षा दिसायला हवा तसा दिसावा, ही तिथल्या गिऱ्हाइकाची साधी अपेक्षा. त्यात एकच खटकलं. असा फोटो पुढे घरात काय भांडणं लावतो, हे मला हवं होतं तेवढं मिळालं नाही.

तेव्हा मुलाखतीत फोटो समोर ठेवाल, तेव्हा 'हे पाहून काय वाटतं?' एवढ्यावर थांबू नका. मोठा कुणी केला, पैसे कुणी दिले, कुणाला कापून काढलं, काय रंगवायला सांगितलं, हे विचारा. आणि सांगणारा चुकला तर लगेच दुरुस्त करू नका. ती चूक तारखेसह जशीच्या तशी लिहून ठेवा.

माझ्यापुढे मात्र वेगळाच पेच होता. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या होत्या, पण घरातल्या संशयाचं काय करायचं याचा त्यात रकाना नव्हता. गप्प राहावं तर काकूवर अन्याय. सांगावं तर आत्याकडे आईचं म्हणून जे उरलंय त्यातलं काढून घ्यायचं. काकूला विचारलं, तर ती म्हणाली, "राहू दे बाई, आता काय उपयोग." तरी दिवाळीत मी तो छोटा फोटो आत्याच्या हातात दिला आणि बाबांनी सगळं सांगितलं.

आत्यानं चष्मा पुसला. फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग मला परत दिला आणि म्हणाली, "लग्नात चोऱ्या होत. त्या दिवशी घातली नसन तिनं."

त्या रात्री तिनं एकदाणीचं विचारलं नाही. सकाळी निघताना काकूनं तिच्या पिशवीत चकल्यांचा डबा ठेवला, तो तिनं घेतला.