सात्त्विक अद्भुत

मुलांच्या हाती गोष्टीचे कोणते पुस्तक द्यावे, ह्या प्रश्नास आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून बहुधा दोन उत्तरे मिळतात. राक्षस, पऱ्या आणि जादूच्या आंगठ्या ह्यांनी भरलेली पुस्तके मुलांस वास्तवापासून दूर नेतात, सबब ती नकोतच, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष अधिक उदार आहे. अद्भुत असले तरी चालेल, मात्र ते सात्त्विक असावे, त्यात धर्मश्रद्धा असावी आणि घराविषयीचा जिव्हाळा त्याने वाढावा, असे त्याचे म्हणणे. ही अपेक्षा आम्हांस सर्वथैव मान्य आहे. परंतु 'सात्त्विक' ह्या शब्दाचा जो अर्थ हा पक्ष गृहीत धरतो, तो तपासून पाहणे आम्हांस अवश्य वाटते. पुष्कळांच्या लेखी सात्त्विक म्हणजे केवळ निरुपद्रवी. कथेत कोणी फारसे वाईट वागू नये, वागल्यास त्यास तत्काळ शासन व्हावे, आणि अखेरीस लेखकाने तात्पर्य सांगून मोकळे व्हावे, एवढ्यावर त्यांचे समाधान होते.

हा मासला मराठी वाचकास अपरिचित नाही. हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) किंवा रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) ह्या कादंबऱ्यांत सुष्ट ते सर्वस्वी सुष्ट आणि दुष्ट ते सर्वस्वी दुष्ट; शेवट कसा होणार, हे वाचक आरंभीच ओळखतो. नीती तेथे आहे, पण ती कोणास काही किंमत देऊन मिळवावी लागत नाही. म्हणूनच तिचा ठसा मनावर उमटत नाही. सात्त्विक अद्भुत ह्याहून खोल असू शकते, हे पाहण्यासाठी आम्ही आंग्ल वाङ्मयातील तीन ग्रंथकारांकडे वळतो. तिघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि तिघांनीही जाणूनबुजून अद्भुताची वाट धरली.

त्यांतील ज्येष्ठ जॉर्ज मॅक्डोनल्ड (१८२४–१९०५). हा स्कॉटिश धर्मोपदेशक अकरा मुलांचा बाप होता. त्याच्या 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' (१८७२) ह्या कथेत आयरीन नावाच्या लहान राजकन्येस वाड्याच्या माळ्यावर एक अतिवृद्ध पणजी भेटते आणि डोळ्यांस न दिसणारा एक धागा तिला देते. त्या धाग्यावर बोट ठेवून आयरीन भुयारात शिरते आणि कर्डी नावाच्या खाणकामगार मुलाची सुटका करते. कर्डीस मात्र तो धागाही जाणवत नाही आणि पणजीही दिसत नाही. मुलगी आपली थट्टा करीत आहे, असे समजून तो रागाने निघून जातो. येथे एखादा सामान्य बोधकथाकार नास्तिक कर्डीस धडा शिकविता. मॅक्डोनल्डची पणजी त्यास वेळ देते, आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही तरी धीर धरावा, असे आयरीनला सांगते. घरी कर्डीची आई त्यास सौम्यपणे विचारात पाडते की, जिने तुझा जीव वाचविला ती खोटे का बोलेल? श्रद्धेचे व्याख्यान कोठेच नाही. आजीचा संयम आणि आईचा विवेक ह्यांतून ती प्रकट होते.

सी. एस. लुईस (१८९८–१९६३) मॅक्डोनल्डला आपला गुरू मानीत असे. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (१९५०) हे पुस्तक आपण धर्मतत्त्वांची यादी करून रचले नाही, बर्फाळ रानातून छत्री घेऊन जाणाऱ्या एका वनदेवाचे चित्र मनात प्रथम आले, असे त्याने पुढे सांगितले. कथा आधी आणि अर्थ मागाहून, हा क्रम महत्त्वाचा आहे. चार भावंडांतला एडमंड मिठाईच्या लोभाने आपल्याच भावाबहिणींचा घात करतो. त्याचा अपराध लेखक सौम्य करीत नाही; त्याच्याऐवजी सिंहरूपी अस्लानला प्राण द्यावे लागतात, इतका तो जड आहे. तथापि सुटून आलेल्या एडमंडशी अस्लान एकांतात काय बोलला, हे लेखक वाचकास कळू देत नाही. अपराध्याची लाज राखणारी ही क्षमा आम्हांस दहा प्रवचनांहून मोलाची वाटते.

पण हाच लुईस 'द लास्ट बॅटल' (१९५६) मध्ये आमच्या मते घसरला आहे. आगगाडीच्या अपघातानंतर सारे कुटुंब चिरंतन देशात पोचते. एकटी सुसान मागे राहते, आणि ती आता लिपस्टिक व मेजवान्यांत रमली, एवढ्या दोन-चार वाक्यांत तिची बोळवण होते. आईबाप व भावंडे एकाच दिवशी गमावलेल्या ह्या मुलीविषयी तिच्या भावाच्या मुखातून एक हळहळीचा शब्दही निघू नये? घातकी एडमंडला मिळालेली क्षमा वेषभूषेच्या नादी लागलेल्या बहिणीस का मिळू नये? तिलाही पुढे वाट सापडेल, असे लुईसने एका पत्रात लिहिले हे खरे. पण कथेतली उणीव पत्राने भरून निघत नाही. उपदेशकाने येथे कथाकारावर मात केली आणि त्यात कुटुंबवत्सलताही दुखावली.

लुईसचा स्नेही टोल्किन (१८९२–१९७३) ह्याने हा धोका टाळला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) ही आपली कृती मुळात धार्मिक आहे, आणि म्हणूनच तिच्यातील धर्माचे उल्लेख आपण काढून टाकले, असे त्याने १९५३ च्या एका पत्रात लिहिले. तीत मंदिर नाही, पूजा जवळजवळ नाही. दया मात्र सर्वत्र आहे. 'द हॉबिट'च्या १९३७ च्या आवृत्तीत गॉलम हा प्राणी बिल्बोस मुकाट वाट दाखवितो. बिल्बोच्या हाती तलवार असता तो गॉलमला दयेने सोडून देतो, हा प्रसंग १९५१ च्या सुधारलेल्या आवृत्तीत आला. त्या दयेवरच पुढची महाकथा तोलली आहे. शेवटच्या क्षणी नायक फ्रोडोचा निश्चय ढळतो आणि ज्याला अनेकदा जीवदान मिळाले, त्या गॉलमच्या हातून अजाणता कार्य तडीस जाते. सज्जनाचे बळही अपुरे पडते, पण त्याने केलेली दया वाया जात नाही, हा आशय येथे घटनेतच मुरला आहे.

ह्यावरून आमचा निष्कर्ष असा की, पापाचे वजन जेथे खरे आहे आणि क्षमेची किंमत कोणीतरी भरतो, तेच अद्भुत सात्त्विक. आमच्या लेखकांनी त्यासाठी परकीय सिंह आणण्याचे कारण नाही. शुक्रवारची कहाणी पाहा. भावाने पंगतीतून उठविलेली दरिद्री बहीण पुढे संपन्न होते, आणि त्याच्याच घरी आपल्या दागिन्यांस घास भरवून त्यास खजील करते. मग तो क्षमा मागतो आणि ती देते. देवीची कृपा, भावंडांतला अपमान आणि समेट हे सारे त्या छोट्या कथेत एकजीव झाले आहे. आजीच्या तोंडून हे ऐकलेल्या मुलास तात्पर्य सांगावे लागत नाही. आमच्या नव्या कथाकारांनीही ते सांगण्याचा मोह आवरावा, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.