सिमेंटचं गाव आणि वेशीबाहेरची माणसं

कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम आहे. माणसं सिमेंटची, ढोरं सिमेंटची. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार आपापल्या कामात गढलेले. मोगल येण्याआधीचं स्वयंपूर्ण गाव म्हणून ते दाखवलं जातं. मूर्तिकारांचा हात चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘स्वयंपूर्ण’ या शब्दाशी.

कुणाच्या जिवावर स्वयंपूर्ण? बलुतं म्हणजे मजुरी नव्हे. वर्षभर राबायचं आणि सुगीला खळ्यावर पदरात पडेल ते घ्यायचं. महारानं वेस राखायची, सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं. पुतळा काम दाखवतो. ‘नाही’ म्हटल्यावर काय व्हायचं, ते पुतळ्याला दाखवता येत नाही.

आणि हे म्युझियम उभं कुठं? ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द केली, तिथंच! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी रोखठोक सुनावलं. कनिष्ठ गाव वतनं मोडण्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. एवढ्या खटपटीनं जे मोडलं, ते आता तिकीट काढून कौतुकानं बघायचं?

आता आमच्याकडं या. भोकरदन तालुक्यातलं धावडा घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं कुठलंही गाव. उद्या जुनी घरं राखून असंच गाव-म्युझियम करायचं ठरलं, तर काय राखतील? वाडा राखतील, चावडी राखतील, धाब्याची चार घरं राखतील. दलित वस्तीचं काय राखणार? कुडाची घरं पावसानंच नेली. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात गावोगाव आमची घरं जाळली, त्यांची राख कोण जपणार? डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. बरं झालं. पण नाव बदललं म्हणून वस्ती जागची हलत नाही.

दोस्तहो, जुनं गाव जपू नका असं आम्ही म्हणत नाही. जपायचं तर सगळं जपा. वेगळा पाणवठा दाखवा. चावडीबाहेर उभं राहायची जागा दाखवा. जळालेल्या घराचा जोता ठेवा, त्यावर साल लिहा. आणि सांगायला पुतळे नकोत, वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया बसवा, मानधन देऊन. मग बघायला आलेलं पोर विचारील, ‘हा माणूस बाहेर का उभा?’ उत्तर द्यायची तयारी असेल तरच बांधा.