जागा बरोबर, जनुक चुकलं: टोमॅटोच्या ‘फॅसिएटेड’ पेपरचं वाचन

रानटी टोमॅटो आडवा कापला की आत दोन, फार तर तीन-चार कप्पे दिसतात. बीफस्टेक जातीत आठाहून जास्त. कप्पे वाढले की फळ मोठं होतं आणि चपटंही. या वाढीमागचं एक मुख्य लोकस म्हणजे ११व्या गुणसूत्रावरचं ‘फॅसिएटेड’.

२००८ मध्ये काँग, बारेरो आणि टँक्सली यांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये लिहिलं, की हे लोकस म्हणजे याबी गटातलं एक जनुक. त्याच्या पहिल्या इन्ट्रॉनमध्ये मोठी भर पडलीय, त्यामुळे त्याची अभिव्यक्ती घटते आणि कप्पे वाढतात. मांडणी सुबक आहे. मॅपिंगही पक्कं आहे, ती जागा आजही बरोबर मानली जाते. मग अडलं कुठे?

‘भर’ या शब्दापाशी. इन्ट्रॉन तुटलेला दिसतोय हे निरीक्षण झालं. तिथे काहीतरी घुसलंय हा अर्थ झाला. २०११ मध्ये हुआंग आणि व्हान डर नाप यांनी दाखवलं, की तिथे सुमारे २ लाख ९४ हजार बेसचा तुकडाच उलटा बसलाय, म्हणजे इन्व्हर्जन. त्याचं एक टोक याबीच्या इन्ट्रॉनमध्ये, तर दुसरं सीएलव्ही३ या जनुकाच्या सुरुवातीच्या अगदी जवळ. एका घावात दोन जनुकं!

आता मॅपिंग इथे का हतबल होतं ते बघा. इन्व्हर्जनच्या आत पुनर्संयोग जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे दोन्ही टोकं पिढ्यान्‌पिढ्या सोबतच जातात. हजारो रोपं तपासली तरी दोषी कोण ते वेगळं काढता येत नाही.

निवाडा २०१५ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या लिपमन यांच्या गटाने केला. सीएलव्ही३ खोडकोंबातल्या मूलपेशींची संख्या आटोक्यात ठेवतं. क्रिस्परने ते बिघडवलं की फुलांचे अवयव आणि कप्पे भरमसाट वाढतात. इन्व्हर्जनमुळे ते पूर्ण बंद पडत नाही, फक्त त्याची अभिव्यक्ती कमी होते. म्हणून कोंब थोडा रुंदावतो आणि कप्पे वाढतात.

२००८च्या लेखकांना झोडपणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. टोमॅटोचा जीनोम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, क्रिस्पर तर त्यानंतर आलं. माझा आक्षेप आपल्या वाचनावर आहे. नुसता २००८चा पेपर वाचून ‘फॅसिएटेड म्हणजे याबी’ असं सेमिनारमध्ये ठोकून देणं, आणि त्यावरच पीएचडीचा प्रस्ताव उभारणं, यात दोन-तीन वर्षं सहज जाऊ शकतात.

म्हणून कोणताही ‘जनुक सापडलं’ पेपर हातात आला, की तीन गोष्टी विचारा. म्यूटेशनची दोन्ही टोकं वाचलीत का? त्याच घावात शेजारचं जनुक सापडतंय का? आणि या पेपरला उद्धृत करणारे नंतरचे पेपर काय म्हणतात? तिसरा प्रश्न सगळ्यात स्वस्त, अर्ध्या तासाचं काम. आणि नेमका तोच आपण टाळतो.